७५० पैकी २८२

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक मुलगा मॅट्रिक पास झाला. मार्क ७५० पैकी २८२. त्याच्या वीस वर्षं आधी, १८८७ मध्ये, राजकोटच्या एका मुलाने मुंबई विद्यापीठाची हीच परीक्षा अहमदाबादला जाऊन दिली होती. त्याला ६२५ पैकी २४७.५ मार्क पडले. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून बघा. पहिल्याचे ३७.६ टक्के होतात, दुसऱ्याचे ३९.६.

पहिला मुलगा भीमराव आंबेडकर, दुसरा मोहनदास गांधी. दोघंही पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. मार्क काही पाठ्यपुस्तकात नसतात.

आता आजचा नियम बघू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या लॉ कोर्ससाठी बारावीला, आणि तीन वर्षांच्या कोर्ससाठी पदवीला, खुल्या गटात ४५ टक्के लागतात. ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. हीच फूटपट्टी त्या दोन मार्कलिस्टांना लावली तर आंबेडकरांना सवलतीच्या ४० टक्क्यांसाठीही १८ मार्क कमी पडतात. गांधी खुल्या गटातले, त्यांना जवळपास ३४ कमी. दोघंही पात्रतेच्या यादीबाहेर.

ही तुलना मुळात गैर आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मॅट्रिक म्हणजे बारावी नव्हे. आणि तेव्हा मार्क आजच्यासारखे सढळ हाताने वाटत नसत. किती कंजूषपणा होता त्याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. गांधींच्या त्या परीक्षेला ३,०६७ मुलं बसली होती आणि निकालात त्यांचा नंबर ४०४ वा होता. म्हणजे ३९.६ टक्के मिळवणारा मुलगा साधारण वरच्या १३-१४ टक्क्यांत होता. आजच्या भाषेत ८६ पर्सेंटाइलच्या आसपास. ८६ पर्सेंटाइलवाल्या मुलाला आपल्या घरात कोणी ‘ढ’ म्हणेल का? पण ३९ टक्के ऐकलं की बापाचा चेहरा पडतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखाद्या सिस्टिमचा रिस्पॉन्स टाइम ‘३९’ आहे असं कोणी सांगितलं, तर माझा पहिला प्रश्न असतो, ३९ काय? सेकंद की मिलिसेकंद? आणि बाकीच्यांचा किती? परीक्षेचे टक्के मात्र आपण एकक न विचारता ऐकून घेतो, आणि त्यावर मुलाचं पुढचं आयुष्य ठरवतो.

तरीही गांधी कॉलेजमध्ये आपटले, हे खरंच आहे. तिथे पर्सेंटाइलचा आधार घेता येत नाही. १८८८ च्या जानेवारीत ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. कॉलेज नवंच होतं, तीन वर्षांपूर्वी निघालेलं. प्राध्यापक चांगले होते, असं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. पण वर्गात काय चाललंय ते त्यांना कळेना. शिकवणं इंग्रजीत. शाळेतही वरच्या वर्गांत इंग्रजीतून भूमिती शिकताना त्यांची दमछाक झाली होतीच. पहिली टर्म संपली आणि ते घरी आले.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो, कारण त्यात थोरपणाचा लवलेशही नाही. मावजी दवे नावाचे एक वडीलधारे ब्राह्मण गांधींच्या घरचे सल्लागार होते. त्यांनी साधा हिशोब मांडला. बी.ए.ला चार-पाच वर्षं जातील आणि हाती लागेल साठ रुपयांची नोकरी. पुढे वकिलीची परीक्षा म्हणजे आणखी वर्षं. त्यापेक्षा विलायतेला पाठवा, तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल. मोहनदासला विचारलं तेव्हा त्याने उडीच मारली. देशासाठी वगैरे काही डोक्यात नव्हतं. अवघड अभ्यासातून सुटका होत होती. त्याला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, पण वैष्णवाने प्रेतं कापायची नाहीत असं वडिलांचं मत होतं म्हणून भावाने ते बाजूला ठेवलं. उरला कायदा.

आणि लंडनच्या ‘इनर टेंपल’मध्ये अडवणारं फारसं कोणी नव्हतं. बारा टर्म, म्हणजे तीनेक वर्षं, हजेरी लावायची. हजेरी म्हणजे जेवण. दर टर्मला साधारण चोवीस मेजवान्या होत, त्यातल्या निदान सहांना जायचं. चौघांच्या टेबलाला दारूच्या दोन बाटल्या मिळत. हा गुजराती पोरगा पीत नसे, म्हणून उरलेल्या तिघांना तो आपल्याच टेबलावर हवा असे. परीक्षा दोन, रोमन लॉ आणि इंग्लंडचा कॉमन लॉ, आणि त्यात नापास होणारे थोडेच. मधल्या काळात गांधींनी लंडनची मॅट्रिकही दिली. पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास, दुसऱ्या खेपेला पास. १० जून १८९१ ला बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला घरच्या बोटीत बसले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस उभी राहिली तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, फी परत करून ते खाली बसले. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर टिळक. १८७२ ला मॅट्रिक, १८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. वडील नुकतेच वारले होते, स्वतःची तब्येत किडकिडीत. पहिलं वर्ष त्यांनी व्यायाम, पोहणं आणि होडी वल्हवणं यात घालवलं. वर्षअखेरीस नापास. आजच्या हॉस्टेलात अशी मुलं प्रत्येक मजल्यावर एक तरी असते, बायसेप्स झकास आणि सेमिस्टर गेलेलं. १८७६ मध्ये टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. एम.ए.ला दोनदा बसले, दोन्हीदा गेले. मग एल.एल.बी.कडे वळले आणि १८७९ मध्ये ती पदवी घेतली. एवढं करून वकिली केली नाहीच, १८८० च्या एक जानेवारीला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला उभे राहिले. पण कायदा वाया गेला नाही. पुढे पोटासाठी त्यांनी पुण्यात लॉ क्लास चालवला, वकिलीच्या परीक्षांना बसणारी मुलं त्यात येत. आजच्या भाषेत कोचिंगच. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ते स्वतःच स्वतःचे वकील होते. एकवीस तास आणि वर दहा मिनिटं बोलले. शिक्षा व्हायची ती झालीच, सहा वर्षं, मंडाले.

तर कायद्याकडे लोक बऱ्याचदा दुसऱ्या दारातून आले. कोणी कॉलेजला कंटाळून, कोणी एम.ए. जमलं नाही म्हणून, कोणाला मेडिकल करू दिलं नाही म्हणून. आपल्या भागातली यादी केली तरी तेच दिसतं. वणीचे लोकनायक बापूजी अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, काही वर्षं अमरावतीत मास्तरकी केली, मग यवतमाळला वकिली सुरू केली. सरळ रेघ कोणाचीच नाही.

हे सगळं मी खणायला लागलो त्याला कारण माझी मावसबहीण. आरमोरी तालुक्यातली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, दोन्ही सेमिस्टर मिळून पाच विषय राहिलेत. एका रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, “दादा, मले लॉले ॲडमिशन भेटन का? का मार्क पाहून हाकलून देतीन?” मी पुण्यात, लॅपटॉपवर. तिला बारावीला ५८ टक्के होते आणि ते बी.एस्सी.च्या पाच विषयांखाली असे काही गाडले गेले होते की तिला स्वतःलाही आठवत नव्हते.

आमच्याकडे ‘कॉलेजची सुरुवात वाईट झाली’ याचा अर्थ काय होतो, तो जरा उलगडून सांगायला हवा, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते वाक्य ऐकून कँटीन आणि बंक मारलेली लेक्चर्स दिसतात. माझ्या बहिणीने दहावीपर्यंत सगळं मराठीतून केलं. अकरावी सायन्सला पुस्तकं इंग्रजी झाली. मास्तर मराठीत समजावून सांगायचे, पेपर इंग्रजीत लिहायचा. ते दोन वर्षं पाठांतरावर निभलं. बी.एस्सी.ला पाठांतर पुरत नाही. आणि ती तर आरमोरीची, डांबरी रस्त्यावरची. भामरागड किंवा एटापल्लीच्या पोराची घरची भाषा माडिया, शाळेची मराठी, कॉलेजची इंग्रजी. भावनगरच्या वर्गात बसलेल्या अठरा वर्षांच्या गांधींपेक्षा एक भाषा जास्तच. त्यात अंतर. सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण जवळपास २०० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी वाचतच आमची पिढी मोठी झाली.

आणि संस्था किती उशिरा आल्या ते बघा. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या मुलाला वकील व्हायचं तर नागपूर गाठायला हवं. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९२३ मध्ये, विद्यापीठाचं लॉ कॉलेज १९२५ मध्ये. मुंबईत गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ पासून आहे. मध्ये सत्तर वर्षांचं अंतर. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. गोंडवाना विद्यापीठ २०११ चं, म्हणजे माझ्या बहिणीपेक्षा वयाने लहान. आज चंद्रपुरात शांताराम पोटदुखे यांच्या नावाचं लॉ कॉलेज आहे, त्यामुळे नागपूरची खोली, मेस, बसचे पैसे हा हिशोब थोडा हलका होतो. तेवढ्या एका गोष्टीने किती मुली वकिलीकडे वळू शकतात ते आमच्या मावशीला विचारा. “चंद्रपूर आहे तं ठीक आहे, नागपूरले नाही पाठवत,” हा तिचा अंतिम निकाल, आणि त्यावर अपील नाही.

नागपूरहून कायदा शिकून चंद्रपूर जिल्ह्यात वकिली करायला आलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे मुरलीधर देविदास आमटे. बाबा आमटे म्हटलं की आनंदवन. त्यांची वकिली हा चरित्रातला भराभर उलटायचा धडा. मला तोच थांबून वाचावासा वाटतो. हिंगणघाटच्या जमीनदाराचा मुलगा. त्यालाही डॉक्टर व्हायचं होतं, वडिलांना वकील हवा होता. कॉलेजात असताना सिनेमाचं जबरदस्त वेड, इंग्रजी मासिकासाठी सिनेमांची परीक्षणं लिहायचा, हॉलिवुडच्या नटीशी पत्रव्यवहार करायचा, दिमतीला गाडी. अभ्यासात मन नसलेला श्रीमंत मुलगा, असंच वरवर बघणाऱ्याने म्हटलं असतं. १९३६ मध्ये एल.एल.बी. झाला. वरोऱ्यात वकिली चांगली चालली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांची बाजू मांडायला तो उभा राहिला. त्याच ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातलं चिमूर पेटलं होतं.

मग हिशोब टोचायला लागला. कोर्टात पंधरा मिनिटं बोलून वकील पन्नास रुपये घेतो आणि मजुराला बारा तास राबून बारा आणे मिळतात, हे गणित बाबांना सुटेना. ते वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होते. त्या काळात त्यांनी डोक्यावरून मैला वाहण्याचं काम स्वतः करून पाहिलं. त्यातूनच पुढे कुष्ठरोगी तुळशीराम भेटला, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली, आणि वकिली सुटली.

या गोष्टीचा आमच्या भागावर एक विचित्र परिणाम झाला, असं माझं मत आहे. कायदा सोडून देणारा वकील हाच आमचा आदर्श झाला. गांधींनी सोडला, बाबांनी सोडला. कोर्टात रोज उभा राहणारा, तारखा घेणारा, कागद वाचणारा वकील आमच्या गोष्टींतून गायब. गोष्टींत तो असतो तो फी खाणारा. आणि ज्या जिल्ह्यात कागद वाचणाऱ्याची सगळ्यात जास्त गरज होती, तिथे हे झालं.

अपवाद चंद्रपूरचाच आहे, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. जन्म १९२५, चांद्यातच. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन चळवळीत उतरले. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, डॉ. आंबेडकर चंद्रपूरला आले आणि इथेही हजारोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या कार्यक्रमामागे खोब्रागडे होते. पुढे ते १९६९ ते १९७२ राज्यसभेचे उपसभापती झाले. आजही चंद्रपुरात नुसतं ‘बॅरिस्टर’ म्हटलं तर जुन्या माणसाला एकच चेहरा आठवतो.

आता सुरुवातीच्या २८२ मार्कांकडे येऊ. ते मार्क पडले तेव्हा मुंबईत त्या मुलाचा सत्कार झाला होता. सी. के. बोले अध्यक्ष होते. दादा केळुसकर, म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर, यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. अस्पृश्य घरातला मुलगा मॅट्रिक झाला हीच मुळात बातमी होती, ३७.६ चा आकडा कोणी विचारला नाही. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, महिना पंचवीस रुपये. एल्फिन्स्टन कॉलेज, कोलंबिया, मग १९१६ मध्ये लंडनचं ग्रेज इन. शिष्यवृत्ती संपली म्हणून अर्ध्यावर परत यावं लागलं, पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा गेले, १९२२ मध्ये बॅरिस्टर. आणि १९३५ मध्ये मुंबईच्या त्याच गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य. पात्रतेला १८ मार्क कमी असलेला माणूस ॲडमिशन देणाऱ्या खुर्चीत बसला होता.

पण आमच्या जिल्ह्यांत वकील कशाला हवाय? खून-मारामारीच्या केसेस सगळीकडेच असतात. इथली खरी गोष्ट जंगलाची आहे. गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनक्षेत्र. म्हणजे तुम्ही सकाळी उठून जे काही तोडता, वेचता, चारता, विकता त्या प्रत्येक गोष्टीवर कुठलं ना कुठलं कलम बसलेलं आहे. मोह, तेंदू, सरपण, बांबू.

बांबूचंच घ्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम २ मध्ये व्याख्या आहेत. तिथे ‘झाड’ या शब्दात काय काय येतं ते सांगितलंय: ताड-माडाच्या जाती, बांबू, खुंट, झुडपं, वेत. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे. बी.एस्सी.च्या पेपरात झाड लिहिलं तर मार्क जातील. कायद्यात गवत म्हटलं तर केस होईल. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि ते सरकारचं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या टोपल्या विणणाऱ्याने चार बांबू आणले तर तो गुन्हेगार, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याला तोच बांबू सरकारी कराराने मिळत राहिला.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्याही कलम २ मध्ये व्याख्या आहेत. तिथे ‘गौण वनोपज’ म्हणजे काय ते लिहिलंय आणि यादी सुरू होते बांबूपासून. पुढे झुडपं, खुंट, वेत. मी दोन्ही कायदे स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडले. १९२७ च्या यादीतले तेच चार शब्द, जवळजवळ उचलून, २००६ च्या यादीत ठेवलेत. ज्याने कोणी हा मसुदा लिहिला त्याला जुनी यादी तोंडपाठ असणार. आम्ही कोडमध्ये एका व्हेरिएबलचा टाइप बदलतो आणि खाली शंभर फंक्शन्सचं वागणं बदलतं. इथे तसंच झालं. एका व्याख्येने बांबूचा मालक बदलला, निदान कागदावर.

कागदावरचं जमिनीवर आणलं ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने. लेखा-मेंढा म्हणून तुम्ही ऐकलं असेल. गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागतो, आणि तो वन खात्याच्या हातात. बांबू हे गौण वनोपज नाहीच, असा खात्याचा पवित्रा. भांडण पुन्हा व्याख्येवरच. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण सोबत होते, आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. २०१२ मध्ये नियमांत बदल होऊन पास देण्याचा अधिकार ग्रामसभांकडे आला.

ही लढाई कोण लढलं? देवाजी तोफा आणि त्यांचं गाव. सोबत मोहन हिराबाई हिरालाल. मेंढ्याची खरी गंमत म्हणजे तिथला अभ्यासगट. गावातली माणसं एकत्र बसायची, एक विषय घ्यायचा, माहितगाराला बोलवायचं, कायदा वाचायचा, प्रश्न विचारायचे, घाई करायची नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. मला विचाराल तर विदर्भातलं हे एक उत्तम लॉ स्कूल आहे. कटऑफ नाही, हजेरीपट नाही, आणि विद्यार्थी साठ वर्षांचेही आहेत.

मात्र अभ्यासगट कोर्टात उभा राहू शकत नाही. तिथे सनद लागते. हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेत शिकलेले लालसू नोगोटी वकील झाले. माडिया समाजातून कायदा शिकून येणारे ते अगदी सुरुवातीचे. २०१७ मध्ये भामरागड तालुक्यातून ते जिल्हा परिषदेवर निवडून गेले. हेमलकशाचा प्रकल्प १९७३ चा, शाळा त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे पहिली पाटी हातात आल्यापासून काळा कोट अंगावर येईपर्यंत एका समाजाला किती वर्षं लागली त्याची बेरीज तुम्ही करू शकता.

बहिणीला मी जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण तिच्यासारखे प्रश्न घेऊन बसलेली बरीच मुलं हे वाचत असतील. महाराष्ट्रात २०१६ पासून लॉसाठी राज्याची सीईटी आहे. त्याआधी कॉलेजं मार्कांवर प्रवेश द्यायची, म्हणजे जुन्या मार्कलिस्टवरच सगळा खेळ. सीईटीने एक चांगलं केलं, बारावीचे टक्के फक्त उंबरठा राहिले. ४५ ओलांडले की पुढचा नंबर सीईटीच्या मार्कांवर. तुमचे बारावीला ५८ असोत की ८५, परीक्षेच्या खोलीत दोघं सारखे. पाच वर्षांच्या कोर्सला पात्रतेत बारावी बघतात, मधल्या बी.एस्सी.चे राहिलेले विषय त्यात मोजत नाहीत. फार तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतील. किंवा बी.एस्सी. रेटून पूर्ण करायची आणि तीन वर्षांच्या कोर्सला जायचं. तिथे पदवीचे एकूण टक्के लागतात, म्हणून पहिल्या वर्षाचा खड्डा पुढच्या दोन वर्षांत भरून काढावा लागतो. आणि वयाची भीती बाळगायचं कारण नाही. २००८ च्या नियमांतली वयोमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगित केली.

भाषेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. राज्याच्या सीईटीचा पेपर इंग्रजीचा भाग सोडला तर मराठीतूनही वाचता येतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत. नागपूरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आलं २०१६ मध्ये, आमच्यापासून बसने काही तासांवर. पण त्या दाराची चावी इंग्रजी उतारा झरझर वाचता येण्यात आहे. गडचिरोलीच्या किती मुलांकडे ती असते? भावनगरच्या वर्गातला प्रश्न एकशे तीसहून जास्त वर्षांनी तसाच उभा आहे, फक्त तो आता प्रवेशपरीक्षेच्या आधीच गाठतो.

बहिणीने पाच वर्षांचा कोर्स निवडला. मावशीची समजूत घालायला मात्र तीन फोन लागले. “बी.एस्सी. सोडून वकिली? वकिलाले कोण पोरगी देते अन् वकिलीणीले कोण घेते?” असा तिचा युक्तिवाद होता. काकांनी एवढंच विचारलं, “फी किती?” मी आकडा सांगितला. ते गप्प राहिले, मग म्हणाले, “तेंदूचा हंगाम होऊ दे.”

सध्या ती कायद्याच्या व्याख्या वाचतेय. कलमं पाठ करण्याआधी व्याख्या वाच, एवढं मी तिला सांगितलं होतं. परवा तिचा मेसेज आला, सोबत स्क्रीनशॉट. २०१७ मध्ये केंद्राने १९२७ च्या कायद्यात दुरुस्ती केली आणि ‘झाड’ या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला. शेतात, बांधावर, जंगलाबाहेर उगवलेला बांबू तोडायला आणि न्यायला आता परवान्याची कटकट राहू नये, हा त्यामागचा हेतू. जंगलातला बांबू मात्र वनोपज म्हणून कायद्याच्या पकडीतच राहिला. तिने खाली लिहिलं होतं, “म्हणजे आपल्या बांधावरचा बांबू झाड नाही, नाल्यापलीकडचा अजून फॉरेस्टचा. मंग नाल्यातला कोणाचा?”

आमच्या शेताच्या टोकाला खरंच नाला आहे आणि नाल्यात बांबूचं एक बेट आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. सातबारा आणि वन खात्याचा नकाशा शेजारी ठेवून बघावं लागेल.